देझिरेच्या होडीचं लाकूड

"डोळा आहे ना जागेवर? मग पट्टी कशाला?"

एवारिस्त लिंदोर हे सारखं म्हणायचा. नव्या कारागिराने लाकडाला पट्टी लावली की म्हणायचा, मालकाने शहरातून नवा काटकोन्या आणला की म्हणायचा. एकदा चर्चच्या बाकाचा पाय बसवताना पाद्रीबाबांनी खिशातून टेप काढली, तेव्हा त्यांनाही त्याने हेच ऐकवलं होतं. पाद्रीबाबांनी टेप मुकाट खिशात टाकली आणि बाक पुढे कधी डुगडुगला नाही.

बेटाच्या मधोमध, क्युरपिपच्या पठारावर पाऊस वस्तीलाच असतो. इथे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, आणि लाकूड तर रात्रंदिवस हवा पीत असतं. संध्याकाळी सरळ ठेवलेली पट्टी सकाळी बघावी तर मांजरासारखी पाठ काढून बसलेली. मालक भिवाजींच्या कारखान्यात लहान जहाजं बनत. तीन डोलकाठ्यांची, खऱ्यासारखी, पाण्याला कधी न शिवता परदेशी माणसांच्या दिवाणखान्यात जाऊन बसणारी. अशा कारखान्यात सगळ्यांच्या आधी लागतो तो लाकूड सरळ करणारा. कणा वाकडा तर फासळ्या तिरक्या, फासळ्या तिरक्या तर फळ्या बसत नाहीत, आणि एवढं होऊन डोलकाठ्या उभ्या केल्याच तर जहाज दारू प्यायल्यासारखं दिसतं.

मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. तिथे एवारिस्तचं राज्य. चुलीवर तेलाचं जुनं पिंप, पिंपात खळखळतं पाणी, पिंपातून निघालेली नळी आणि नळीच्या तोंडाशी शवपेटीसारखी लांब लाकडी पेटी. पेटीत वाफ कोंडायची आणि वाफेत लाकूड. किती वेळ ठेवायचं ते लाकडाच्या वासावरून ठरे. बाहेर काढलं की लाकूड हातात मऊ असतं, पण थोडाच वेळ. तेवढ्यात ते खुंट्यांच्या फळीवर घेऊन, जिकडे वाकलंय त्याच्या उलट दिशेने, सरळपणाच्याही किंचित पलीकडे न्यायचं आणि अडकवायचं. वर काळे दगड ठेवायचे. सुटल्यावर लाकूड तेवढंच परत येतं आणि नेमकं सरळ थांबतं. तो किंचितपणा किती, हे एवारिस्तला कळायचं. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, हे तो स्वतःच सांगायचा.

मग यायची त्याची पाहणी. फळी उचलायची, तिचं टोक उजव्या गालाला टेकवायचं, डावा डोळा मिटायचा आणि दाराच्या उजेडाकडे तोंड करून कडेवरून नजर सोडायची. पाव मिनिटही लागत नसे. "झाली," म्हणायचा, नाहीतर परत वाफेत. त्याच्या "झाली"वर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

या कारखान्यात खिडकीजवळच्या लांब टेबलावर बायका बसत. डोलकाठ्यांना दोर बांधण्याचं काम त्यांचं. त्यात एवारिस्तची सून होती, लिझबी. ती मूळची समुद्राकाठची, आन्स-फिलाओ गावातल्या कोळ्याची पोर. एवारिस्तचा मुलगा देझिरे तिच्यापायी पठार सोडून खाली गेला होता, सासऱ्याकडून मासेमारी शिकला होता आणि ताकामाकाच्या लाकडाची स्वतःची होडी बांधून घेतली होती. एवारिस्तला ते कधीच पटलं नाही. "लाकडातच हात घालायचा होता तर माझ्या शेडमधलं लाकूड काय चावत होतं?" एवढंच तो म्हणाला होता, आणि नंतर बापलेक नाताळला भेटले तरी हवापाण्याचंच बोलायचे.

होडीवर पोट भरेना म्हणून देझिरे मोठ्या जहाजावर गेला. उत्तरेला कितीतरी दूर, समुद्राच्या मधोमध, उथळ पाण्याची शेतं आहेत, तिथे मासे भरपूर. 'मारी-क्लेर' नावाचं ते जहाज वादळाच्या दिवसांत गेलं ते गेलंच. फळी आली नाही, टोपी आली नाही. आन्स-फिलाओच्या स्मशानात बुडालेल्यांच्या नावांचा क्रूस उभा आहे आणि त्याच्याखाली कुणीच नाही. लिझबी वर्षभर माहेरी राहिली आणि मग सासऱ्याच्या घरी पठारावर आली. समुद्राचा आवाज तिला ऐकवेना.

मग बुडालेल्यांच्या घरच्यांनी आणि आन्स-फिलाओच्या पाद्रीबाबांनी ठरवलं की तिथल्या चर्चच्या छताला एक जहाज टांगायचं. संत पीटरच्या सणाला, जून संपताना, होड्यांना आशीर्वाद देतात त्या दिवशी. काम भिवाजींकडे आलं. हे ऐकल्याबरोबर एवारिस्त मालकाच्या खोलीत गेला आणि टोपी काढून उभा राहिला. टोपी तो सहसा काढत नसे.

"कणा देझिरेच्या होडीतून काढायचा," तो म्हणाला. "होडी वाळूत पडून आहे. आणि कणा मी करणार."

भिवाजींचे पणजोबा कोकणातून ऊस तोडायला आले होते. पिढ्यान्‌पिढ्या झिजत मराठीतली गणपतीची आरती तेवढी त्यांच्याकडे उरली होती. माणूस बरा होता. "तोंतों," ते म्हणाले, कारण वयाने मोठ्या माणसाला इथे सगळे तोंतोंच म्हणतात, काका म्हणावं तसं, "होडीचं लाकूड वाळूत पडून पिळलं असेल. आपल्याकडे चांगलं कापराचं आहे."

"पिळलं असेल तर सरळ करीन. मी इथे करतो काय मग?"

एवारिस्त आणि यासीन खाली गेले. यासीन म्हणजे फळ्या बसवणारा कारागीर, तरुण, मितभाषी, हाताचा स्वच्छ. दोघांनी होडी उलटी केली आणि तिच्या तळाचा कणा कापून काढला. बाकीचं लाकूड किड्यांनी खाल्लं होतं. सबंध असं एवढंच एक लांबलचक लाकूड निघालं. ते बसमधून पोत्यात गुंडाळून आणलं, आणि सगळा रस्ता एवारिस्तने ते मांडीवर आडवं धरलं होतं. चढणाऱ्या उतरणाऱ्यांनी शिव्या दिल्या तरी उभं केलं नाही.

शेडमध्ये पोतं सोडलं तेव्हा लिझबी दाराशी आली. लाकूड खरंच वाकलेलं होतं, धनुष्यासारखं. तिने त्यावर हात ठेवला. खाऱ्या वाऱ्याने ते खरखरीत झालं होतं.

"होईल ना पापा?"

"होईल. पण एवढं जुनं लाकूड दोनदा वाफ सोसतं. तिसऱ्यांदा नाही." त्याने लाकडावर बोट फिरवलं. "मला एकदाच पुरेल."

लिझबीला दुसरं काही नको होतं. नवऱ्याला माती देता आली नव्हती. त्याच्या हातचं एवढं लाकूड चर्चच्या छताखाली राहावं, आणि ते बापाने बसवलेलं असावं, इतकंच.

पहिली वाफ छान गेली. खुंट्यांवर दिवस काढून लाकूड सुटलं तेव्हा यासीन शेडमध्ये होता. त्याने नुसती मान हलवली आणि हसला, आणि यासीन हसला की काम झालं असं समजायचं. लिझबीही धावत आली. तिला लाकूड सरळ दिसलं, दोरासारखं सरळ. एवारिस्तने ते उचललं, गालाला टेकवलं, डावा डोळा मिटला.

बराच वेळ तो तसाच राहिला.

"नाही," तो म्हणाला. "मधे पोट आहे अजून."

"कुठे, तोंतों?" यासीनने विचारलं.

"तुला नाही दिसायचं."

यासीनने लिझबीकडे पाहिलं, लिझबीने खाली पाहिलं. कारण हे आजचं नव्हतं. गेलं वर्षभर एवारिस्त गिरणीला शिव्या देत होता. गिरणीवाले कच्चं लाकूड देतात, सगळ्या पट्ट्या वाकड्या येतात, जगात प्रामाणिक लाकूड राहिलंच नाही. सरळ आलेल्या डोलकाठ्या तो वाफेत घालायचा आणि त्याच्या शेडमधून वाकड्या होऊन बाहेर यायच्या. यासीन त्या गुपचूप घरी न्यायचा, मेणबत्तीवर शेकून पुन्हा सरळ करायचा आणि सकाळी जागेवर ठेवायचा. बायकांच्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायला कुणी तयार नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या एका शब्दावर जहाजं उभी राहिली, त्याला जाऊन सांगायचं कुणी?

बायकांत पार्वदी सगळ्यांत मोठी आणि तोंडाने सगळ्यांत मोकळी. ती म्हणाली, "इस्त्रीच्या शर्टाला पुन्हा इस्त्री चाललीय गं."

"हळू बोल, ऐकतील ते," लिझबी पुटपुटली.

"ऐकू देत. तोंतोंची लाकडं आणि माझा नवरा एकाच झाडाचे. दिवसभर सरळ करावं आणि सकाळी बघावं तर जैसे थे." सगळ्या हसल्या. मग पार्वदीचंच हसू आधी उतरलं. ती दोराला गाठ मारत खाली बघून म्हणाली, "दुसरं कुठलं लाकूड असतं तर मी बोलले नसते, लिझबी. पण हे तुझ्या माणसाचं आहे. तू सांग त्यांना."

"काय सांगू? तुमची नजर गेली म्हणून सांगू?"

"नजर कुठे गेलीय? परवा रस्त्यापलीकडून माझ्या डब्यातली धालपुरी ओळखली त्यांनी. आत कसली भाजी आहे तेसुद्धा."

हेच तर लिझबीला उलगडत नव्हतं. सासरा सुईत दोरा ओवायचा, पत्ते खेळायचा, अंधारलेल्या धुक्यात बसचा नंबर सांगायचा. आंधळ्या माणसाची एकही खूण नव्हती. दोन डोळ्यांनी जगताना तो धडधाकट होता. फक्त लाकूड तो एका डोळ्याने बघायचा, हे तिच्या ध्यानात अजून आलं नव्हतं.

त्याने दुसरी वाफ दिली. लिझबी दाराशी येऊन उभी राहिली, "पापा, मला तर ते ठीक वाटलं होतं," म्हणाली, इतकंच तिच्याने झालं. एवारिस्त हसून म्हणाला, "तुला देझिरेही ठीक वाटला होता." चेष्टा होती, त्याच्या परीने प्रेमाचीही होती. पण तिचे पुढचे शब्द त्या चेष्टेखाली दबले.

दुसऱ्यांदा लाकूड खुंट्यांवरून सुटलं तेव्हा एवारिस्त खूश होता. गालाला टेकवून बघितलं आणि "आता झाला!" म्हणाला. तो स्वतः कणा घेऊन यासीनच्या टेबलाशी गेला. यासीनने कणा साच्यात ठेवला. दोन टोकं बसली, आणि मधला भाग साच्याला सोडून बोटभर बाहेर राहिला. यासीनने टोकं काढली, पुन्हा बसवली.

"तोंतों, साचा... साचा जरा बघतो मी."

"बघ. साचाच वाकडा असणार. गेल्या पावसात भिजलाय तो."

संध्याकाळी एवारिस्तने साचा तपासला आणि साचा त्याला वाकडा दिसला. मग साच्यावरची फळी, मग टेबलाची कड. तो घरी आला. जेवताना भातावर टोमॅटोचं रुगाय ओतता ओतता थांबला आणि म्हणाला, "एवढं सगळं एकदम कसं वाकडं होईल गं?" लिझबीने त्याच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. तिला वाटलं, आता याने स्वतःच ओळखावं. पण सकाळी शेडमध्ये जाऊन त्याने चुलीत लाकडं सारली आणि पिंप भरायला घेतलं.

पिंपात पाण्याचा आवाज ऐकला तशी लिझबी खिडकीजवळून उठली. हातात तिचा मेण लावलेला काळा दोर होता, जहाजाला बांधायचा, बारीक आणि चिवट. शेडमध्ये शिरून ती काही न बोलता कामाला लागली. टेबलाच्या एका टोकाला खिळा होता, दुसऱ्या टोकाला दुसरा. तिने एकावर गाठ मारली, दोर ओढत नेला आणि सगळ्या अंगाने रेलून दुसऱ्यावर आवळला. मग तारेसारखा छेडला. दोर वाजला.

"हे काय?" एवारिस्तने विचारलं.

"कणा याच्याशेजारी ठेवा, पापा."

"दोर लावून बघायचं? माझं लाकूड?"

"माझ्या नवऱ्याचं लाकूड आहे."

तिने असा आवाज त्या घरात कधी काढला नव्हता. एवारिस्तने कणा दोराच्या बाजूला ठेवला. मग सवयीप्रमाणे खाली वाकला, गाल टेबलाच्या कडेला लावला, डावा डोळा मिटला आणि नजर सोडली.

"तुझा दोरच ढिला आहे," तो म्हणाला. "बघ ना, मधे कसं पोट काढलंय त्याने. कणा सरळ आहे, दोर वाकडा."

लिझबीने पुन्हा दोर छेडला. तोच आवाज आला, टणक. पेटीच्या फटीतून वाफ फुसफुसत होती. एवारिस्तने हात पुढे केला आणि अंगठ्याने दोर दाबून पाहिला. आयुष्यभर ताण ओळखलेला अंगठा तो. दोर हलला नाही. त्याने पुन्हा डोळा लावला, पुन्हा अंगठा लावला. अंगठा एक सांगत होता आणि डोळा दुसरंच.

लिझबीला त्या क्षणी कळलं.

"पापा," ती हळूच म्हणाली, "तो डोळा मिटा. दुसऱ्याने बघा."

त्याने उजवा डोळा मिटला. डावा उघडला. तो डोळा त्याने कधी कामाला लावला नव्हता, जणू घरातला रिकामटेकडा भाऊ. पण त्या रिकामटेकड्याला सगळं नीट दिसत होतं. दोर सरळ होता. त्याच्या बाजूचं लाकूड वाकलेलं होतं, कुणीतरी दोन हातांनी धरून वाकवल्यासारखं.

तो टेबलावर गाल टेकवूनच राहिला. मग विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"यासीनला ठाऊक आहे?"

"हो."

"पार्वदीला?"

"हो."

"म्हणजे भिवाजींना पण असणार. बसून हसत होतात सगळे."

"कुणी हसत नव्हतं, पापा."

"पार्वदी हसत होती. ऐकलंय मी."

"ती तर मयतीतही हसते. तिचं काय घेऊन बसलात?"

एवारिस्त उठला. त्याने कणा हातात घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. लिझबी म्हणाली, "राहू दे असाच. यासीन म्हणतो, फासळ्या कमीजास्त करून बसवता येईल. जरा वाकडं दिसेल, दिसू दे. देझिरे तरी कुठे सरळ चालायचा?"

"टांगलेलं जहाज आहे ते, पोरी. दिवाणखान्यातल्या जहाजाचं शीड बघतात, दोर बघतात. टांगलेल्याचा कणाच दिसतो. अख्खं गाव खाली उभं राहील मान वर करून. बापाने मुलाचं जहाज वाकडं केलं म्हणेल."

"म्हणू दे."

"तुला चालेल?"

"मला ते लाकूड हवंय. वाकडं का असेना, अख्खं हवंय."

त्याने कणा हळूच टेबलावर ठेवला आणि लिझबीला वाटलं, त्याने मानलं. ती टेबलाशी परत गेली. दोरांच्या गुंडाळ्या सारख्या करत बसली. पार्वदीने तिच्यापुढे व्हॅनिलाचा चहा सरकवला आणि भुवया उंचावून विचारलं. लिझबीने मान डोलावली, सांगितलं म्हणून. पार्वदीने क्रूस करतात तशी खूण केली. ती तमिळ होती, देवळात जाणारी. पण अशा वेळी जी आठवेल ती खूण करावी.

शेडमध्ये चूल पेटतीच होती. लिझबीला पिंपातलं पाणी ऐकू आलं, पण तिला वाटलं, दुसरं एखादं लाकूड असेल.

एवारिस्तने डावा डोळा उघडा ठेवला आणि उजव्यावर रुमाल बांधला. दोर टेबलावर ताणलेला राहू दिला. हाताखालच्या लाकडाला त्याने इतक्या अदबीने कधी वागवलं नव्हतं. वाफ कमी दिली, कारण लाकूड थकलंय हे त्याला माहीत होतं. बाहेर काढल्यावर एकदम नाही, थोडं थोडं नेलं. दोराकडे बघायचं, थोडं न्यायचं, पुन्हा बघायचं. सगळं बरोबर चाललं होतं. पण एका डोळ्याला सवय नसली की हात आणि नजर यांच्यात अंतर पडतं, आणि गरम लाकूड त्या अंतरात थंड होत जातं.

आवाज मोठा झाला नाही. वाळकी शेंग फुटावी तसा झाला. पण त्या कारखान्यात लाकूड मोडल्याचा आवाज न ओळखणारं कुणी नव्हतं. यासीनची कानस थांबली. बायकांचे हात थांबले. छतावरचा पाऊस तेवढा चालू राहिला.

एवारिस्त दोन तुकडे घेऊन बाहेर आला. रुमाल अजून डोळ्यावर होता. लिझबीच्या टेबलावर, दोरांच्या गुंडाळ्यांमध्ये त्याने ते ठेवले, एकाशेजारी एक.

"तुझं आहे," तो म्हणाला.

लिझबीने तुकड्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली नाही. सगळ्यांनी ऐकलं.

तो शेडमध्ये गेला आणि चुलीवर पाणी ओतलं. पिंप कितीतरी वेळ वाफाळत राहिलं.

भिवाजींनी त्याला गाडीत घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईने चौकड्या छापलेला कागद समोर धरला आणि उजव्या डोळ्याने बघायला सांगितलं. एवारिस्त म्हणाला, चौकड्या पाण्यात पडल्यासारख्या दिसतात. बाईने डोळ्याच्या आतला पडदा सुजल्याचं सांगितलं. आधी यायला हवं होतं, म्हणाली. दुसऱ्यातही सुरुवात आहे, म्हणाली. "काम काय करता?" तिने विचारलं. उत्तर भिवाजींनी दिलं.

कापराच्या लाकडाचा नवा कणा यासीनने केला. करून झाल्यावर तो मान राखायला म्हणून एवारिस्तच्या घरी घेऊन आला. एवारिस्त पडवीत बसला होता. त्याने तो हातात घेतला नाही. "गाभ्याची बाजू वर ठेव," एवढं बोलला. यासीनने ती वर ठेवलीच होती, पण "हो तोंतों," म्हणाला.

लिझबीने यासीनला बाजूला घेऊन विचारलं, तुकडे जहाजाच्या पोटात ठेवता येतील का? तो म्हणाला, फळ्या बंद व्हायच्या आत सांग, जागा करतो. पण पडवीतून एवारिस्तने ऐकलं होतं. "मोडका कणा पोटात घालून जहाज टांगायचं नाही," तो म्हणाला. लिझबीने वाद घातला नाही. दोघं एका घरात राहत होती, एका भांड्यातलं खात होती, आणि कामापुरतं बोलत होती. तुकडे तिच्या खाटेखाली होते. रात्री त्यांना कापराचा नाही, खाऱ्या वाळूचा वास यायचा, निदान तिला तसं वाटायचं.

संत पीटरच्या सणाला पठारावर धुकं होतं आणि खाली आन्स-फिलाओत ऊन. बसमधून जहाज नेता येईना म्हणून भिवाजींनी ट्रक केला. एवारिस्त येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. तो काळा कोट घालून ट्रकच्या मागे येऊन बसला, जहाजाला पाठ करून.

चर्च माणसांनी भरलं होतं. 'मारी-क्लेर'वरच्या प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी पुढच्या बाकांवर होतं. छताच्या तुळईला कप्पी लावली होती, तिच्यावरून दोर खाली आला होता. गावातल्या कोळ्यांच्या बरोबरीने दोर धरायला यासीनही उभा राहिला. गाठी त्याने मारल्या होत्या, दुसऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. जहाज वर जाताना फिरू नये म्हणून शेपटाला एक बारीक दोरी बांधली होती, ती लिझबीच्या हातात दिली होती. एवारिस्त मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून उभा होता.

दोर ओढला गेला. जहाज माणसांच्या डोक्यांवरून वर चढू लागलं आणि सगळ्या माना वर गेल्या. कणा सरळ होता. खालून बघताना जहाजाच्या पोटाखाली तो पांढरट, स्वच्छ रेघेसारखा दिसत होता. पुढच्या बाकावरची एक म्हातारी रडू लागली.

कणा बदलल्याचं पाद्रीबाबांना कुणी सांगितलं नव्हतं. भिवाजींना वाटलं लिझबी सांगेल, लिझबीला वाटलं मालक सांगतील, आणि दोघांनाही सांगायचं नव्हतं. पाद्रीबाबा हात उंच करून म्हणाले, "समुद्राने आपल्याला काहीच परत दिलं नाही. पण या जहाजाचा कणा आपल्या देझिरेच्या होडीचा आहे. त्याच्या वडिलांनी आपल्या हाताने..."

"कापराचा आहे."

आवाज दाराकडून आला. माना वळल्या.

"कापराचा आहे तो," एवारिस्त म्हणाला. "मुलाचं लाकूड मी मोडलं. सून नको म्हणत होती. यासीनने केलाय हा कणा."

म्हातारीचं रडणं मधेच अडलं. पाद्रीबाबांचा हात वरच राहिला. एवारिस्तने टोपी डोक्यावर घातली, चर्चच्या आतच घातली, आणि वळून बाहेर पडला.

यासीन त्याच्यामागे एक पाऊल निघाला आणि थांबला. दोर अजून खुंटीला बांधला नव्हता. हात सोडला असता तर जहाज माणसांवर पडलं असतं. त्याने दोर मनगटाला गुंडाळून घेतला आणि उघड्या दारातून नुसतं पाहत राहिला. लिझबीच्याही हातात दोरी होती.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखालून रस्ता बसथांब्याकडे जातो. एवारिस्त त्या रस्त्याला लागला. थांब्याशी बस उभी होती, चालकाने त्याला पाहून दारही उघडलं. त्याने हाताने नको म्हटलं आणि बसच्या पुढून चालत गेला, पठाराच्या दिशेने, उन्हातून, काळ्या कोटात. बस त्याला मागे टाकून गेली आणि धुळीत तो थोडा वेळ दिसेनासा झाला. मग पुन्हा दिसला, लहान. मागून कोळी ओरडत होते, लिझबी, दोरी ताण, जहाज फिरतंय. तिने दोरी ताणली. दाराकडची नजर तिने काढली नाही.